सुईच्या बंदुकीपासून थ्री-नॉट-थ्रीपर्यंत: सुरुवातीच्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींची कामगिरी कशाने ठरली?

महालकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एकोणिसाव्या शतकातील युरोप शिकवताना १८६६ आणि १८७० ही दोन युद्धे पाठोपाठ येतात आणि दरवर्षी तिथे एक विसंगती मला अडवते. बहुतेक पुस्तकांत असे वाचायला मिळते की १८६६ मध्ये प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवले ते ड्रायझे यांच्या सुईच्या बंदुकीमुळे. पण चारच वर्षांनी फ्रान्सच्या पायदळाच्या हाती शासपो ही त्याच जातीची, तरी प्रत्येक बाबतीत सरस अशी रायफल होती आणि प्रशियाचे सैनिक तीच जुनी सुईची बंदूक घेऊन लढत होते, तरीही फ्रान्सचा दारुण पराभव झाला. रायफलीने १८६६ चे युद्ध जिंकून दिले म्हणावे, तर तिनेच १८७० चे का जिंकून दिले नाही, या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला मी ‘सेनापतींच्या चुका’ असे ढोबळ उत्तर देत आलो आहे आणि त्याने माझे समाधान होत नाही.

दुसरे असे की, आपल्याकडे अजब बंगल्यात (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात) मुलांना नेले की तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक असा क्रम त्यांना समजावता येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर काय बदलले हे डोळ्यांना दिसते. बोल्टच्या रायफलींपाशी मात्र हा क्रम तुटतो. १८४१ ची प्रशियन रायफल आणि १९०७ ची ब्रिटिश ली-एन्फिल्ड या दोन्हींचा बोल्ट वर उचलून मागे ओढायचा असतो. मग मधल्या सहा-साडेसहा दशकांत सुधारले ते काय? लांब पल्ला, वेगाने गोळीबार, की आणखी काही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धरमपेठेतील वाचक

महालकर सर, विसंगती खरी आहे. ती सोडवायची तर बोल्टपेक्षा काडतुसाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे माझे मत आहे. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा एक दांडा: नळीच्या मागच्या तोंडात सरकवायचा आणि मुठीने फिरवून खाचेत अडकवायचा. नळीचे मागचे दार उघडण्या-मिटण्याची ही सोय झाली. पण दार मिटल्यावर आतला धगधगता वायू फटीतून मागे येऊ नये याची सोय बोल्ट स्वतः करू शकत नाही. पहिल्या तीस वर्षांतील जवळजवळ सगळी अडचण या गळतीची आहे.

योहान निकोलाउस फॉन ड्रायझे हे झ्योमेर्डा गावच्या एका कुलूप कारागिराचे चिरंजीव. त्यांची रायफल प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारली. तिचे काडतूस कागदाचे होते. पुढे अंड्याच्या आकाराची शिशाची गोळी, तिच्या बुडाला कागदाच्या लगद्याची खोबण, त्या खोबणीच्या तळाशी ठिणगी देणारी स्फोटक टिकली, आणि दारू या सर्वांच्या मागे. म्हणजे चाप ओढल्यावर लांब सुई काडतुसाचे बूड फोडून, संपूर्ण दारूतून आरपार जाऊन टिकलीवर आपटत असे, आणि दारू पेटली त्या क्षणी ती सुई आगीच्या पोटातच असे. त्यामुळे सुया ठिसूळ होऊन मोडत आणि प्रत्येक शिपायाला जास्तीची सुई जवळ बाळगावी लागे. मोडलेली सुई रणांगणावरच बदलता येत असे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. गोळी नळीच्या व्यासापेक्षा लहान होती. गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचा पकडण्याचे काम ती लगद्याची खोबण करत असे आणि नळीबाहेर पडल्यावर गोळीपासून सुटून जाई. कागदाचे कवच फट बंद करू शकत नसल्याने वायू मागे सांडत असे, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटरवर अडकत असे आणि सहाशे मीटरच्या पलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नसे.

आता गंमत नव्हे, तर खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की १८६६ मधील ऑस्ट्रियाची लोरेन्झ रायफल ठासणीची असूनही पल्ल्यात आणि अचूकपणात या सुईच्या बंदुकीला भारी होती. दोन्ही सैन्ये सातशे-आठशे मीटरवर थांबून एकमेकांवर शांतपणे नेम धरत राहिली असती, तर प्रशियाची अवस्था कठीण झाली असती. परंतु ऑस्ट्रियाने १८५९ मध्ये इटलीत फ्रेंचांच्या संगिनीच्या हल्ल्यांपुढे मार खाल्ला होता आणि त्यातून त्यांनी असा धडा घेतला की, गोळीबारात वेळ न घालवता दाट रांगांनी धावून जावे. म्हणजे ज्या अंतरावर आपली रायफल वरचढ होती ते अंतर त्यांनी स्वतःच धावत संपवले आणि ज्या दोन-तीनशे पावलांत शत्रूची बंदूक सर्वांत घातक होती तिथे दाटीवाटीने जाऊन उभे राहिले. ठासणीची बंदूक भरायला माणसाला उभे राहावे लागते. प्रशियन शिपाई आडवा पडून, झाडाच्या बुंध्याआड राहून, समोरच्याची एक गोळी सुटेपर्यंत तीन-चार गोळ्या झाडत होता.

हे चित्र दोन वर्षे आधीच एका लहानशा चकमकीत दिसले होते. ३ जुलै १८६४ रोजी डेन्मार्कमधील लुंडबी गावाजवळ एका डॅनिश तुकडीने संगिनी रोखून प्रशियन कंपनीवर चाल केली. प्रशियनांनी अगदी जवळ येईपर्यंत गोळी रोखून धरली आणि काही मिनिटांत डॅनिश तुकडीचे निम्म्याच्या आसपास लोक पडले किंवा जखमी झाले. प्रशियाचे तिघे जखमी झाले. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, ३ जुलै १८६६ रोजी, क्योनिगग्रेट्झच्या लढाईत हेच प्रचंड प्रमाणावर घडले. ऑस्ट्रिया आणि तिच्या सॅक्सन मित्रांची हानी कैद्यांसह ४४,००० च्या घरात गेली, प्रशियाची ९,००० च्या आसपास राहिली. त्याच दिवशी ऑस्ट्रियाच्या तोफखान्याने मात्र प्रशियापेक्षा उत्तम काम केले आणि माघार घेणाऱ्या सैन्याला पूर्ण नाशातून वाचवले, हा तपशील वर्गात जरूर सांगावा, कारण १८७० समजण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

फ्रान्सने क्योनिगग्रेट्झ पाहिले आणि त्याच वर्षी आंत्वान आल्फोन्स शासपो यांची रायफल स्वीकारली. काडतूस अजून कागदाचेच होते. पण टिकली काडतुसाच्या बुडाशी आणल्यामुळे सुई आखूड झाली आणि बोल्टच्या टोकाला रबराचे जाड कडे बसवले. दारूचा दाब आला की ते कडे दाबले जाऊन बाहेरच्या अंगाने फुगायचे आणि फट बंद व्हायची. एवढ्या एका कड्याने सगळे हिशेब बदलले. ११ मिलिमीटरच्या गोळीला सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेग मिळाला आणि नेमाची पट्टी १,२०० मीटरपर्यंत आखता आली. हे कडे उष्णतेने कडक पडे, झिजे, वारंवार बदलावे लागे, आणि कागदाचा न जळलेला चोथा नळीत साचून पुढचे काडतूस अडवे. तरीही १८७० मध्ये जगातील कोणत्याही मोठ्या सैन्याकडे याहून चांगली पायदळाची रायफल होती असे मला वाटत नाही.

तिची कामगिरी पाहायची असेल तर १८ ऑगस्ट १८७० ची फ्रान्समधील सँ-प्रिव्हा गावची लढाई पाहावी. प्रशियाचे गार्ड दल उघड्या चढावरून गावाकडे निघाले आणि स्वतःच्या बंदुकीच्या टप्प्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी शासपोच्या माऱ्यात सापडले. सुमारे ८,००० माणसे तिथे पडली. गाव अखेरीस पडले ते आता प्रशियाच्या बाजूने लढणारे सॅक्सन सैन्य उत्तरेकडून वळसा घालून आले आणि जर्मन तोफांनी गाव भाजून काढले तेव्हा. प्रशियाने १८६६ मध्ये उघडे पडलेले आपले तोफखान्याचे दुखणे मधल्या चार वर्षांत दुरुस्त केले होते. त्यांच्याकडे आता क्रुप कारखान्याच्या पोलादी, मागून भरायच्या तोफा होत्या आणि त्यांचे गोळे जमिनीवर आपटताच फुटत. फ्रेंच तोफा काशाच्या, पुढून भरायच्या, आणि त्यांच्या गोळ्यांचे पलिते ठरावीक अंतरांवरच फुटणारे होते. तेव्हा विद्यार्थ्यांना सांगताना मी असे सांगेन की, शासपोने तिच्याकडून अपेक्षित असलेले काम पूर्ण केले. तिचा टप्पा संपतो तिथून पुढे उभ्या असलेल्या तोफेवर तिच्याजवळ उत्तर नव्हते. आणि १८६६ चे श्रेय द्यायचे तर सुईच्या बंदुकीला जेवढे द्यावे तेवढेच ऑस्ट्रियाच्या चुकीच्या डावपेचांना द्यावे लागेल.

रामदासपेठ

वरचे विवेचन मला मान्य आहे. मी यंत्र अभियंता असल्याने पुढचा भाग त्या अंगाने लिहितो.

गळतीचा प्रश्न कायमचा सुटला तो पितळी काडतुसाने. स्फोटाच्या क्षणी पितळी कवच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायूची वाट बंद करते, आणि दाब उतरताच थोडे आकसून सैल होते. प्रत्येक गोळीबरोबर नवे कोरे कडे बसवल्यासारखेच हे झाले. जर्मनीने माउझर बंधूंची १८७१ ची एकगोळी रायफल घेतली, फ्रान्सने शासपोचेच रूपांतर करून १८७४ ची ग्रा रायफल केली, आणि सुईचा जमाना संपला.

तरी या टप्प्यावर बोल्ट ही पद्धत श्रेष्ठ ठरली होती असे समजू नये. त्याच सुमारास ब्रिटिशांनी घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीत बोल्ट नव्हताच. खालची तरफ ओढली की आतला ठोकळा खाली पडे. एकेक गोळी भरायची असेल तर तीही तितक्याच वेगाने चालत असे. बोल्टची खरी सरशी दोन ठिकाणी होती. एक म्हणजे तापलेले, चिकटलेले कवच उपसून काढण्याची ताकद: मूठ उचलताना बोल्टला मिळणारी सुरुवातीची ओढ फार जोरकस असते. पातळ पत्र्याच्या गुंडाळीच्या काडतुसांनी मार्टिनी सुदानमध्ये १८८५ साली अबू क्लेआच्या लढाईत अडकली, तेव्हा हा फरक माणसांच्या जिवावर बेतला. दुसरे म्हणजे बोल्ट मागे-पुढे सरकतो, त्यामुळे खाली साठवलेले पुढचे काडतूस तोच ढकलून नळीत नेऊ शकतो. स्वित्झर्लंडने व्हेटर्ली रायफलीत नळीखाली लांब साठा देऊन १८६९ मध्येच हे साधले होते.

मग आला १८८४ सालचा पॉल व्हिएय यांचा शोध, म्हणजे धूर न करणारी दारू. माझ्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठी उडी ही आहे. काळी दारू जळताना तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन काजळीच्या रूपाने मागे राहतो. नळी मळते, आणि दोन-चार फैरी झाल्या की धुरामुळे समोरचे काही दिसत नाही. नव्या दारूने गोळीचा व्यास ११ वरून ८ मिलिमीटरवर आणता आला आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत वेग सेकंदाला ६०० मीटरच्या पुढे गेला. वेग वाढला की गोळीची वाट सपाट होते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी माणसाला लागते. नेमाच्या पट्टीवर किती आकडे कोरले आहेत यापेक्षा हा सपाटपणा मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो. ली-एन्फिल्डच्या बाजूला २,८०० यार्डांपर्यंतची चकती बसवलेली असे. तेवढ्या अंतरावर एकट्या माणसावर नेम धरणे अशक्यच होते, संपूर्ण कंपनीने मिळून दूरच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडावा एवढाच तिचा हेतू होता, आणि पहिल्या महायुद्धात ती चकती काढूनही टाकली.

लेबेल मात्र घाईत तयार झाली. दारू विसाव्या शतकाकडे पाहणारी म्हणावी इतकी नवी, आणि साठा जुन्याच धर्तीचा, नळीखालचा. आठ गोळ्या संपल्या की एकेक गोळी पुन्हा आत ढकलत बसायचे. या बाबतीत मानलिखर यांनी पाच गोळ्यांची पुडी एकदम आत टाकण्याची युक्ती काढली, जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ मध्ये बोल्टखालच्या पेटीचे पेटंट घेतले, आणि माउझरने पत्र्याच्या पट्टीवरून पाच गोळ्या अंगठ्याने एका दाबात आत लोटण्याची सोय केली. या सगळ्याची परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. बोअर शेतकरी ७ मिलिमीटरच्या माउझरने लढत होते. १८९९ च्या डिसेंबरात मॅगर्सफॉन्टेन आणि कोलेन्सो येथे ब्रिटिशांनी जो मार खाल्ला त्यात समोर धूरच दिसत नाही, गोळी कुठून येते ते कळत नाही, ही तक्रार वारंवार येते. ब्रिटिशांच्या पेटीत गोळ्या दहा मावत, पण त्या एकेक करून भराव्या लागत; शिवाय पेटी राखून ठेवून सुट्या गोळ्यांनी लढण्याची त्यांची शिकवण होती आणि त्यासाठी पेटीचे तोंड बंद करणारी पट्टीही रायफलीत दिलेली होती. युद्धानंतर आलेल्या आखूड ली-एन्फिल्डमध्ये पट्टीवरून भरण्याची सोय झाली ती या अनुभवातून.

सदरचा आर्मरर

महालकर सर, मी पोलीस दलाच्या शस्त्रागारातून निवृत्त झालो आहे. पुस्तकी इतिहास वरच्या दोघांनी उत्तम सांगितला आहे. मी फक्त हाताखालून गेलेल्या थ्री-नॉट-थ्रीविषयी, म्हणजे .३०३ इंच व्यासाच्या ली-एन्फिल्डविषयी लिहितो, कारण माउझर चांगली की ली-एन्फिल्ड चांगली हा वाद लोक कागदावर घालतात आणि दोन्हींचा बोल्ट हातात घेऊन पाहत नाहीत.

माउझरच्या बोल्टला अडकवणारे कान पुढे, म्हणजे काडतुसाच्या अगदी मागे असतात. १८९८ च्या नमुन्यात मागे तिसरा कानही आहे. त्यामुळे दाब जिथे येतो तिथेच तो अडतो आणि रचना अत्यंत भक्कम होते. ली-एन्फिल्डचे कान मागच्या टोकाला आहेत. दाब आला की बोल्टची सगळी लांबी किंचित दबते आणि कवच किंचित ताणले जाते. म्हणून एकदा उडवलेले थ्री-नॉट-थ्रीचे पितळ पुन्हा भरायला तितकेसे चांगले राहत नाही. पण लढाईत शिपाई रिकामी कवचे पुन्हा भरत बसत नाही. कान मागे असल्याचा फायदा असा की बोल्ट कमी मागे ओढावा लागतो, मूठ सुमारे साठ अंशच उचलावी लागते (माउझरची नव्वद अंश), आणि मूठ चापाच्या अगदी वर येते. शिवाय यातला घोडा बोल्ट पुढे ढकलताना चढतो. मागे ओढताना फक्त कवच काढायचे काम असते आणि पुढे ढकलताना तळहाताचा पूर्ण जोर मिळतो. सराव असलेला माणूस गालावरून दस्ता न हलवता, नजर माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) न काढता बोल्ट चालवतो. ब्रिटिश सैन्यात पहिल्या महायुद्धापूर्वी ३०० यार्डांवर एका मिनिटात पंधरा नेमाच्या गोळ्या मारण्याचा नियमित सराव होता. ज्यांनी ही रायफल चालवली आहे त्यांना हा आकडा अतिशयोक्त वाटणार नाही.

दोष लिहितो. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. पट्टी किंवा पेटी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली, तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही काडतुसे एकमेकांत अडकतात आणि मग कितीही जोर लावा, रायफल ठप्प होते. पट्टीत काडतुसे आलटून पालटून बसवायची शिस्त याचसाठी होती आणि नव्या भरतीच्या पोरांकडून मी ती डोळे मिटून करून घेत असे. दुसरा दोष दारूचा. कॉर्डाइट (या काडतुसातली धूर न करणारी दारू) तापली की तिचा दाब वाढतो. आपल्या मे महिन्यात उन्हात राहिलेल्या पेटीतली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा वर बसते आणि तिचा बोल्टही जड उघडतो. सरावाच्या दिवशी गोळ्या सावलीत, ओल्या पोत्याजवळ नव्हे तर कोरड्या जागी ठेवाव्यात, हे मी प्रत्येक वेळी बजावून सांगत असे.

साफसफाईचे तर खास सांगायला हवे. जुन्या टिकलीत असे रसायन होते की ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो. हा क्षार तेलाने निघत नाही. पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी बांधून कितीही ओढली, चिंधी पांढरी आली, तरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी नळीत तांबूस डाग दिसतात. त्याला उपाय एकच: नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतायचे, नळी हाताला चटका बसेल इतकी तापू द्यायची म्हणजे ती आपोआप कोरडी होते, आणि मग तेलाचा हलका हात. शंभर वर्षांपूर्वीचे गोरे शिपाईही हेच करत होते. ज्या रायफलीची नळी ज्याने धुतली नाही त्या रायफलीच्या अचूकपणावर त्याने शेरा मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महालकर

तिघांचे मनापासून आभार. आर्मरर काका, कड अडकण्याचा आणि उकळत्या पाण्याचा तपशील मला आजवर कुठेही वाचायला मिळाला नव्हता. वर्गात तुमचा उल्लेख करून सांगेन. आता एक राहते. हे सारे युरोपचे झाले. आपल्या हिंदी शिपायांच्या हाती बोल्टची रायफल कधी आली? कामठीची छावणी १८२१ पासूनची, म्हणजे हे सगळे बदल त्या छावणीने पाहिले असणार.

कामठीकर

महालकर सर, छावणीने बदल पाहिले हे खरे. पण देशी पलटणीच्या कोठीत ते नेहमी एक पिढी उशिराने पोहोचले, आणि हा उशीर ठरवून केलेला होता. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने असे धोरण ठेवले की गोऱ्या पलटणीकडे जे शस्त्र असेल त्याच्या मागच्या पिढीचे शस्त्र हिंदी पलटणीला द्यायचे. गोऱ्यांकडे मागून भरायची स्नायडर रायफल आली तेव्हा हिंदी शिपाई ठासणीच्या बंदुकीवर होता. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा स्नायडर खाली उतरली. गोऱ्यांना १८८८ ची ली-मेटफर्ड (ली-एन्फिल्डच्या आधीची बोल्टची रायफल) मिळू लागली तेव्हा मार्टिनी खाली आली. तोफखाना तर डोंगरी तोफांच्या काही तुकड्या वगळता हिंदी माणसाच्या हाती दिलाच नाही. म्हणजे बोल्टची रायफल आपल्या शिपायाला सर्रास मिळाली ती १९०० च्या आसपास, प्रशियन शिपायाला मिळाल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

याचा परिणाम एकाच रणांगणावर पाहायचा असेल तर २७ जुलै १८८० ची अफगाणिस्तानातील मैवंदची लढाई घ्यावी. तिथे एकाच फळीत ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती आणि मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स या देशी पलटणी जुन्या स्नायडर घेऊन. शत्रू एकच, ऊन तेच, तहानही तीच. फळी प्रथम देशी पलटणींच्या बाजूने तुटली आणि नंतरच्या कागदपत्रांत त्यांच्या धैर्याविषयी बरेच लिहिले गेले. नवख्या शिपायांची संख्या आणि अफगाण तोफांचा मारा ही कारणे खरी आहेतच, पण शस्त्रातली ही तफावत त्या शेऱ्यांत पुरेशी मोजली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. १८९७ च्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत तर स्थिती अशी होती की आफ्रिदी टोळ्यांजवळही मार्टिनी होत्या, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या हिंदी पलटणींजवळही मार्टिनीच. धूर न करणारी, साठ्याची रायफल फक्त गोऱ्या पलटणींकडे. डोंगराच्या कड्यावर काळ्या दारूचा धूर उठला की लपलेल्या माणसाची जागा लगेच कळते.

याच काळात कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात ली-मेटफर्डची गोळी बदलली गेली. १८९५ च्या त्याच सरहद्दीवरील चित्राळ मोहिमेत तक्रार आली की नव्या रायफलीची बारीक, पूर्ण मढवलेली गोळी माणसाच्या आरपार जाते पण त्याला थांबवत नाही. तेव्हा कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी काढली. ती अंगात शिरल्यावर पसरते. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणारे जाहीरनामापत्र झाले. वर रामदासपेठकरांनी लहान व्यासाचा आणि वाढत्या वेगाचा जो फायदा सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

आपल्या भागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. साठ्याच्या रायफली येत होत्या त्याच १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त पुढे करून महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या या समाजाच्या हातून स्नायडर आणि मार्टिनी गेल्या, आणि नव्या रायफलीपर्यंत त्याला पोहोचूच दिले नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. पुढे १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट उभी राहिली, तिची दुसरी पलटण इथे कामठीतच उभी झाली.

१९१४ मध्ये मात्र मागे ठेवण्याचे धोरण पाळणे शक्यच राहिले नाही. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सला पाठवल्या, तेव्हा मार्सेय बंदरात उतरल्यावर त्यांच्याजवळच्या जुन्या नमुन्याच्या रायफली काढून घेऊन नव्या आखूड ली-एन्फिल्ड आणि नवी टोकदार गोळी देण्यात आली. ज्या रायफलीची नेमपट्टी हाताला सवयीची नाही ती घेऊन ही माणसे काही आठवड्यांतच खंदकांत उभी राहिली. मेसोपोटेमियात पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकल्या त्या याच घराण्याच्या रायफलींनी, आणि तिथल्या धुळीत व उन्हात सहज चालणाऱ्या ली बोल्टचा उपयोग झाला असणार असे आर्मरर साहेबांचे वर्णन वाचून वाटते. दरम्यान पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात या रायफली आपल्याकडेच तयार होऊ लागल्या होत्या.

अविश्वास मात्र तेवढ्याने संपला नाही. पहिल्या महायुद्धानंतर याच इच्छापूरमध्ये जुन्या ली-एन्फिल्डच्या नळ्या पोखरून, त्यांतला पीळ काढून .४१० ची गुळगुळीत नळी केली जाऊ लागली, आणि पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवून ती रायफल एकगोळी केली गेली. दंगलीच्या बंदोबस्तासाठी पोलीस आणि पहारेकऱ्यांना ही दिली जाई. बाहेरून पाहिले तर पूर्ण ली-एन्फिल्ड, तोच बोल्ट, तीच मूठ. आत मात्र नळीतला पीळही नाही आणि साठाही नाही. एखाद्या संग्रहालयात ती आढळली, तर मुलांना पेटीच्या भोकात बोट घालून तो ठोकळा दाखवावा, आणि नळीच्या तोंडातून उजेडाकडे पाहून पिळाच्या खाचा दिसत नाहीत हेही दाखवावे. त्यापुढे मैवंद आणि सँ-प्रिव्हा हे दोन धडे एकाच आठवड्यात घेतलेत, तर आपल्या विद्यार्थ्यांना रायफलीची कामगिरी मोजताना ती कोणाच्या हाती, कोणाच्या मर्जीने दिली गेली हेही विचारावेसे वाटेल.